हाड चघळणारी चंद्री

मंगळवारपास्नं आमच्या घरात मी चोर ठरलो होतो... का, तर आप्पांचं उपरणं गायब. त्याच्या आधी त्यांचीच एक वहाण, त्याच्या आधी अव्वाच्या, म्हंजी माझ्या आईच्या, लुगड्याचा अर्धा पदर.

आता माझी कीर्ती मुरूम गावाच्या आसपास सगळ्यांना ठाऊक हाय. लोकांच्या वहाणा म्या लिंबावर टांगल्यात, व्हय. पण अर्ध्या चघळून कधी ठेवल्या न्हायत की हो!

आप्पा ऐकायलाच तयार न्हायत. "नाटकं पुरं, उपरणं काढ." म्हटलं, आप्पा, शपथ घेतो. तर म्हणाले, "तुझ्या शपथंवर कुत्रंबी शेपूट हलवायचं न्हाय."

मग बसलो भर दुपारी गोठ्यात दडून. तर आमची चंद्री... अव्वाची माहेरची गाय, कर्नाटकातल्या आळंदकडनं अव्वाच्या मागं चालत आलेली, आता गाभण. आधी तिनं भिंत चाटली. मग खुंटीवरची माझी घामट बंडी ओढली अन् लागली रवंथ केल्यागत चावायला. शेजारी अव्वाचं धुतलेलं लुगडं वाळत होतं, त्याला तोंड लावलं न्हाय.

धावत जाऊन आप्पांना ओढून आणलं. वाटलं, आता तरी माझी सुटका होईल... पण तोवर तिनं बंडी टाकली होती अन् गव्हाणीतनं दुसरंच काय तरी काढलं होतं. हाड! माळावरनं तोंडात धरून आणलेलं, चांगलं वीतभर.

आमच्या घरात कांदा कापताना आप्पा नाक मुरडत्यात. रोज पहाटे लिंगपूजा, कपाळभर भस्म. अन् त्यांच्या गोठ्यात गाय हाड चघळतीया! आप्पा भिंतीला टेकून खालीच बसले.

"गाय बाटली," एवढंच म्हणाले. संध्याकाळी हुकूम सुटला... येत्या बाजारात चंद्री विकायची. अव्वानं चूल पेटवली न्हाय. गाईच्या गळ्यात हात घालून कन्नडात काय काय बोलत बसली.

मी पळत मुरूमला गेलो. धाराशिवहून ढोरांचा डॉक्टर टोचायला आला होता, त्याला गाठलं. तो हसला. म्हणाला, माळावरच्या वाळल्या गवतानं पोट भरतं, पण हाडाला लागणारं सत्त्व त्यात नसतं. त्यात पोटात वासरू, ते आईच्या हाडातनं ओढतं. म्हणून ती हाडं शोधती. अन् मीठ कमी पडलं की भिंती अन् घामाची कापडं.

कच्ची हाडं मात्र चघळू देऊ नका म्हणाला, त्यातनं जीवघेणा रोग होतो. औषध काय? कोंड्यात चिमूट-चिमूट मीठ... अन् हाडं जाळून केलेली भुकटी.

हे घरी सांगायचं कुणी? मीच सांगितलं. आप्पांनी असं बघितलं, जणू मीच हाड चघळून आलोय. "ती आपल्या मनानं खात होती तर बाटली. आता आपण हातानं चारायचं?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आप्पा, ती गाय हाय! तिनं काय गळ्यात लिंग बांधलंय व्हय?" त्यावर कानाखाली अशी बसली की अजून शिट्टी वाजतीया.

दोन दिवस हेच. मी डॉक्टरचं सांगायचं, आप्पांनी धर्माचं सांगायचं, अव्वानं उपाशी राहायचं. अन् चंद्री मधीच आप्पांची दुसरी वहाण खाऊन मोकळी.

शेवटी डोकं चाललं. आमच्या पलीकडं रहीमचाचा राहत्यात, मधी कंबरंएवढी भिंत. म्हटलं, आप्पा, विकू नका, चाचांना अर्धलीनं द्या. त्यांनी सांभाळायची, वासराचा वाटा निम्मा-निम्मा. त्यांच्या अंगणात ती काय खाती, त्याचं पाप आपल्याला कसं लागंल?

आप्पांनी भिंतीपल्याड डोकावून बघितलं. मग म्हणाले, "व्यवहार हाय. व्यवहाराला ना न्हाय." अव्वानं तिथंच चूल पेटवली.

चाचांनी हाडं जाळली, कुटली, गाळली, पांढरी भुकटी केली. आता वाटलं, सुटलो. पण कुठलं काय! आप्पा सकाळ-संध्याकाळ भिंतीला खेटून उभे. "चाचा, कोंडा पातळ झाला." "चाचा, दावं आखूड हाय." अन् भुकटी टाकायची वेळ आली की पाठ फिरवून आभाळ बघत्यात. चाचा एकदा वैतागून म्हणाले, "अरे मियाँ, गाय अर्धलीनं दी, क्या तुमकू भी साथ में दिया?"

काल चाचा लग्नाला गेले. कोंडा कालवायचं काम माझ्यावर. आप्पा भिंतीपाशी, पाठ करून. माझ्या डोक्यातला किडा वळवळला... म्हटलं, बघू तरी. मीठ टाकलं, कोंडा कालवला, टोपलं चंद्रीपुढं ठेवलं अन् हात झटकून निघालो.

"थांब," आप्पा म्हणाले. मान वळवली न्हाय. घसा खाकरला. "ते पांढरं राहिलं की रं."

म्हटलं, "कुठलं पांढरं, आप्पा?"

"टाक म्हणलं की टाकायचं! गाभण जित्राब हाय ते!"

भिंतीआड अव्वा तोंडात पदर कोंबून हसत होती. म्या भुकटी टाकली. टोपलं चाटून साफ झाल्याचा आवाज येईस्तवर आप्पा आभाळच बघत उभे होते.

आता अशा माणसावर चिडावं का त्याच्या पाया पडावं, तुमीच सांगा... मी तर दोन्ही करून थकलोय. चंद्री राहिली, आप्पांचा धर्मबी राहिला. चाचा, तुमच्या त्या कंबरंएवढ्या भिंतीचे उपकार हायेत आमच्यावर.