पाव्हणा आणि पोकर

मी पोकर परदेशात शिकलो असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं, कारण पुढं मी सहा महिने पोलंडला राहून आलो. खरं म्हणजे तो मी नागपुरातच, सदरमधल्या एका गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात शिकलो. परदेशात तेव्हा मी नव्हतो, माझे साहेब होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरबाहेर नवं वीज केंद्र उभं राहत होतं आणि टर्बाइन बसवायला पोलंडहून एक फोरमन आले होते. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, बायको वारलेली, एकुलती मुलगी तिकडे. त्यांचं इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमायचं. आम्ही चार ज्युनियर इंजिनियर त्यांच्या हाताखाली होतो. शनिवारी संध्याकाळी ते आम्हाला गेस्ट हाऊसवर बोलवायचे, लिंबू सरबत पाजायचे आणि पत्ते काढायचे.

पोकर कळायला अवघड नाही. हातात पाच पत्ते, नको असतील ते टाकून नवे घ्यायचे आणि मग आपल्या तीन पत्तीसारखी चाल वाढवत जायची. पत्ते भिकार असले तरी राजा असल्याचा आव आणायचा. समोरचा घाबरून पॅक झाला की डाव आपला. आम्ही काड्यापेटीतल्या काड्या लावून खेळायचो.

आणि आम्ही चौघंही हरायचो, मुद्दाम. आमच्यातल्या एकाला ट्रेनिंगसाठी पोलंडला पाठवणार होते आणि कोणाला पाठवायचं ते साहेबांच्या शब्दावर ठरणार होतं. आम्ही बसून तसं काही ठरवलं नव्हतं, पण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात साहेबापुढं जिंकायचं नसतं हे माणसाच्या अंगात भिनतं. आमच्यातल्या एकानं तर हातात चार एक्के असताना पॅक केलं आणि नंतर आठवडाभर तो तीच बहादुरी कँटीनमध्ये सांगत फिरला. साहेबांपुढं काड्यांचा ढीग व्हायचा आणि त्यांचं तोंड उतरत जायचं. आम्हाला वाटायचं, उन्हाचा त्रास होत असेल बिचाऱ्यांना.

एका शनिवारी त्यांनी पत्ते मध्येच गोळा करून ठेवले आणि मला विचारलं, रविवारी तुझ्या घरी काय करतात? मी म्हटलं, काही नाही, दार लावून पडून राहतात. मग मीही येतो, म्हणाले.

मला घामच फुटला. इंदोऱ्याच्या पलीकडे वस्तीत आमच्या दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर. घरात मी आणि आई. मी चौथीत असताना वडील गेले, तेव्हापासून आईनं विड्या वळून मला शिकवलं. ती उमरेडकडच्या एका खेड्यातली. पाटील रस्त्यानं आला की चपला हातात घेऊन बाजूला उभं राहायचं, हे तिला बोलता येण्याआधी शिकवलं होतं. छप्पन सालच्या दसऱ्याला तिनं आणि वडिलांनी दीक्षा घेतली, त्या दिवसापासून तिनं कोणासाठी रस्ता सोडला नाही. समोरून म्हैस आली तरी सोडायची नाही, असं वडील चेष्टेनं म्हणायचे.

विड्यांच्या कामात तिला एक विद्या मिळाली होती. ठेकेदाराचा मुनीम विड्या मोजून घेताना छाट काढायचा, म्हणजे खराब म्हणून मूठभर विड्या बाजूला टाकायचा आणि त्या स्वतःच ठेवून घ्यायचा. जी बाई रडवेली व्हायची तिची छाट जास्त निघायची. म्हणून आई त्याच्यापुढं चेहरा कोरा करून बसायची आणि उलट त्याचाच चेहरा वाचायची. आज याची मूठ मोठी होणार की लहान, हे तिला त्यानं टोपलीत हात घालण्याआधीच कळायचं.

रविवारी भर दुपारी साहेब सायकलरिक्षातून उतरले ते टोमॅटोसारखे लाल होऊन. आईनं दाराला ओलं पोतं बांधलं होतं. तिनं त्यांना पन्हं दिलं आणि एक कांदा काढून त्यांच्या खिशात घातला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. लू लागू नये म्हणून, असं मी सांगितल्यावर त्यांनी तो इतक्या गंभीरपणे वरून चाचपला की आई पदरात तोंड लपवून हसली.

जेवण झालं आणि त्यांनी पत्ते काढले.

"काय खेळून राहिले गा तुमी?" आई म्हणाली.

मी तिला खेळ समजावला. वस्तीतल्या बायका उन्हाळ्यात दुपारभर पत्ते कुटायच्या, त्यामुळे तिला ते पटकन उमगलं. "पैसे नाई लावाचे माह्या घरात," एवढं बजावून तिनं चिंचोक्यांचा डबा आणला आणि पदर खोचून बसली.

पहिले दोन डाव ती हरली. तिसऱ्या डावात तिनं चाल वाढवली, साहेबांनी वाढवली, तिनं पुन्हा वाढवली. साहेबांनी बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पत्ते टाकले. मग आईनं आपले पत्ते उघडे केले. सत्ता, चव्वा, दुर्री, असला सगळा कचरा. मला वाटलं, आता पोलंड बुडालं. पण साहेबांनी मांडीवर थाप मारली आणि असे हसले, असे हसले, की शेजारच्या बायका काय झालं म्हणून पोतं बाजूला सारून बघायला आल्या.

मग दर रविवार त्यांचा झाला. आई त्यांना साहेब म्हणायचीच नाही, पाव्हणा म्हणायची. "बस गा पाव्हण्या, आज तुले दाखवतो." माझं ऐकून ते तिला "आयी" म्हणायला लागले. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण चिंचोक्यांवरून मनसोक्त भांडायचे. ते जिंकले की आई फुरंगटायची आणि त्या दिवशी पन्ह्यात गूळ कमी पडायचा. मी तिसरा भिडू, नावापुरता. आपल्या सवयीप्रमाणे हरत बसायचो आणि माझ्याकडे कोणी लक्षही द्यायचं नाही.

ही गोष्ट कामावर पोचली. ते चार एक्के टाकणारे गृहस्थ एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय बे, तुही माय साहेबाले हरवून राहिली म्हणते? नावं पाठवाची वेळ आली, अन् तू त्याले घरी बोलावून त्याचं नाक कापून राहिला?"

हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तो किडा शिरला तो शिरलाच. माझ्या घराण्यात बसनं भंडाऱ्याच्या पुढं कोणी गेलं नव्हतं आणि मला विमानात बसायचं होतं. मी चार दिवस धड जेवलो नाही. शेवटी रविवारी सकाळी, आई अंगणात तेंदूपानं भिजवत बसली होती तेव्हा, मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"आई, आज थोडं हरजो."

"काहून?"

"तो साहेब आहे. माहं नाव त्याच्या हातात आहे."

तिनं पानांवरचा हात थांबवला. "तुले पोलंडले जाचं आहे, म्हणून मी हराचं?"

"आजच्या दिवस फक्त."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा पानं भिजवायला लागली. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं आठवलं की आजही मला स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

दुपारी साहेब आले. आईनं पन्हं दिलं. "बसा साहेब," ती म्हणाली. "साहेब" हा एक शब्द त्यांना चांगला ठाऊक होता. दिवसभर तो कानावर पडायचा. त्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. पहिला डाव ती हरली, दुसरा हरली, आणि दोन्ही वेळा तिनं चिंचोके त्यांच्याकडे मुकाट सरकवले. तिसऱ्या डावात त्यांनी एक चाल दिली आणि तिनं लगेच पत्ते पालथे टाकले.

पॅक केलेले पत्ते उलटून बघायचे नसतात, हा नियम त्यांनीच आम्हाला शिकवला होता. तरी त्यांनी हात लांब करून आईचे पत्ते उलटले. तीन राण्या आणि दोन दश्श्या. असा हात घेऊन कोणी पॅक करत नाही, चार एक्केवाला सोडला तर.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपले सगळे चिंचोके मधोमध सारले, टोपी उचलली, दाराशी जाऊन आईला हात जोडले आणि उन्हात निघून गेले. रिक्षासुद्धा थांबवून ठेवलेली नव्हती.

सोमवारी त्यांनी मला टर्बाइनपाशी बोलावून घेतलं. त्यांच्या तुटक इंग्रजीतलं बोलणं मला अजून पाठ आहे, पण इथं आपल्या भाषेत सांगतो. तुझं नाव दोन आठवड्यांपूर्वीच गेलंय, ते म्हणाले. बेअरिंग तापत होतं तेव्हा बाकीच्या तिघांनी मला आवडेल तो आकडा लॉगबुकात लिहिला, तू खरा लिहिलास. म्हणून तुझं नाव दिलं. मी थँक्यू म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच गप्प केलं. इतक्या लांब येऊन एकच माणूस माझ्याशी खरं खेळत होतं, ते म्हणाले. तेवढंही तुला बघवलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी आईला सांगितलं की माझं नाव लागलं. ती आनंदानं उठेल, देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची तसबीर होती तिच्यापुढं मेणबत्ती लावेल, असं मला वाटलं होतं. तिनं मेणबत्ती लावलीही.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "ऐतवारी तो येते का?"

"नाही येणार."

"काहून?"

मी जे घडलं ते सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मंग ऐतवारी मले सदरले घेऊन चाल," ती म्हणाली.

रविवारी सकाळी तिनं धुवट पांढरं लुगडं नेसलं. आम्ही रिक्षानं सदरला आलो. गेस्ट हाऊसच्या फाटकावर चौकीदारानं तिला पाहून मागच्या दाराकडे बोट दाखवलं. ती समोरच्या पायऱ्या चढली. साहेब व्हरांड्यात बनियनवर बसून मुलीचं पत्र वाचत होते. आईला पाहताच ते धडपडत उठले, आत जाऊन सदरा घालून आले आणि त्यांनी तिच्यासाठी वेताची खुर्ची ओढली. आई बसली. मी उभाच होतो.

"त्याले सांग," आई मला म्हणाली. "मनाव, त्या दिवशी मी हरली नाई. माह्या पोरानं मले हराले लावलं."

मी इंग्रजीत म्हटलं, माझी आई म्हणते, त्या दिवशी थोडा गैरसमज झाला.

आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, टोपलीत हात घालणाऱ्या मुनीमाकडे बघायची तशी.

"तू हे नाई सांगतलं," ती म्हणाली. "नीट सांग."

मी नीट सांगितलं. माझ्या साहेबांना, माझ्या तोंडानं, माझ्या आईचं म्हणणं शब्दन् शब्द सांगितलं. साहेबांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं.

"अजून आहे," आई म्हणाली. "सांग त्याले. गावच्या पाटलापासून ते ठेकेदाराच्या मुनीमापर्यंत, मी ज्याच्यापुढं म्हणून जिंकली, त्यानं मले त्याची शिक्षा देली. हा एकटा माणूस माह्याकडून हरला अन् हासला. म्हणून मी त्याची वाट पाहो. माह्या पोराले हे समजलं नाई."

मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेलो. शेवटचं वाक्य मात्र मी गाळलं. आई थांबून राहिली. साहेबही थांबून राहिले, कारण अजून एक वाक्य बाकी आहे हे त्यांनाही दिसत होतं. मग मी ते वाक्यही सांगितलं.

साहेबांनी आतून पत्ते आणले, पिसले आणि काटायला आईपुढं ठेवले.

"मले काट मन्ते का?" तिनं मला विचारलं.

मी हो म्हटलं. तिनं काटले. साहेबांनी पाच तिला वाटले, पाच स्वतःला. मी खुर्ची ओढून जवळ बसलो होतो. मला कोणी पत्ते दिले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत.