मराठी न कळणारी मांजर

सोमवारी सकाळी मांजर ओट्यावर उडी मारायला गेली आणि पडली. उठली, पुन्हा उडी मारली, पुन्हा पडली. मग ती ओट्याखाली जाऊन बसली. मी चहा केला.

कुंडलला आमचं घर आहे. हे फौजेतून निवृत्त होऊन आले त्या वर्षी, ऊसतोड चालू असताना, फडातल्या पाचटात त्यांना ते पिल्लू सापडलं. उभं आयुष्य कवायत केलेल्या आणि करून घेतलेल्या माणसाला हुकूम द्यायला कुणीतरी हवंच होतं. ते तिच्याशी फौजी हिंदीत बोलत. मांडीवर घेतलं की 'आराम से'. खुर्चीतून उठायचं झालं की 'विसर्जन'. कवायत संपल्यावर जवानांना सोडताना हाच हुकूम देतात, हे मला त्यांनीच सांगितलं. मी शाळेत मराठी शिकवलेली. मला त्या शब्दाने फक्त गणपती आठवत. मांजरीला मात्र तो बरोबर कळे. ऐकला की ती उतरे, अंग ताणे आणि चालू लागे. मी 'ऊठ गं' म्हटलं तर कानही हलवत नसे.

"हिला मराठी येत नाही," मी म्हणायची.

"मग शिकवा की, बाई," हे म्हणत. साऱ्या गावासारखे तेही चिडवताना मला बाईच म्हणत.

उसाला पाणी पाजायला गेलेले हे परत आले नाहीत. बांधावरच गेले. डॉक्टर, दवाखाना, कशाचीच वेळ आली नाही. मला कुणी काही ठरवायला सांगितलं नाही, ठरवण्यासारखं काही उरलंही नव्हतं. त्यानंतर संध्याकाळी मी त्यांच्या खुर्चीत बसू लागले. मांजर मांडीवर आली की ते दोन शब्द मी म्हणत असे. माझ्या तोंडी ते उसने वाटत, पण तिने ते मानले.

त्या सोमवारी गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला उचलून पाहिलं आणि म्हणाले, "मी म्हशींचा माणूस. तुम्ही सांगलीला दाखवा." सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. त्यांनी मला कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. "यानं बरी होणार नाही," ते म्हणाले, "थोडं बरं वाटेल. पुढं त्रास वाढला तर इंजेक्शन देऊन झोपवता येईल. ते तुम्ही ठरवायचं."

खिडकीच्या गजाला बाटली अडकवायची, मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई सरकवायची. एकटीला ते जमेना, म्हणून शेजारीण मांजर धरायला येई. आमच्याकडे दूध घालणारी, तोंडाने फटकळ बाई.

"आवं बाई, माणसांनाबी एवढं कोण करत न्हाई," ती म्हणायची. आणि झोपवण्याबद्दल मी सांगितलं तेव्हा, "तसलं काय करू नगा हां. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतंय. सोनं काय भावानं हाय म्हाइत हाय का?"

मी हसले. मला बरंच वाटलं, कारण नाही म्हणायला एक निमित्त मिळालं होतं.

हळूहळू मांजरीने भाकरी-दूध सोडलं. मी बोटाने तूप चाटवू लागले. तिच्या तोंडाला वास येई. पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागत. सुई टोचताना ती आधी गुरगुरायची, मग तेही बंद झालं. एकदा बाटली अडकवताना शेजारीण मांजरीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.

"बाई, रागावू नगा. सलाईन तिला लावताय, का सोताला?"

मी बाटली नीट अडकवली. तिचं खरं होतं. घरात यांची भाषा कळणारा तो शेवटचा जीव होता. तो गेला की ते दोन शब्द नुसते शब्दकोशातले शब्द होणार होते.

त्याच संध्याकाळी मांजरीला मांडीवर घेऊन मी वाचत बसले होते. गॅसवर दूध होतं. ते उतू जाण्याचा वास आला आणि मी सवयीने म्हणाले, "विसर्जन."

तिने मान उचलली. पुढचे पाय माझ्या गुडघ्यावर रोवले. मागचे पाय येईनात. तिने पुन्हा जोर केला. पुन्हा. माझ्याकडे बघितलं नाही, ओरडलीही नाही. हुकूम मिळाला होता आणि ती उतरायचा प्रयत्न करत होती.

दूध उतू गेलं. मी तिला धरून बसून राहिले. त्या हुकुमाचा अर्थ तिला कळत होता. मलाच तो आतापर्यंत नीट कळला नव्हता. तो सोडण्याचा हुकूम होता, आणि द्यायचा तर तो द्यायच्या जागी बसलेल्या माणसानेच द्यायचा असतो.

सकाळी शेजारणीला सांगितलं, सांगलीला जायचं. तिने काशीचं नाव काढलं नाही. "लुगडं बदलून येते," म्हणाली.

दवाखान्यात मांजर माझ्याच मांडीवर होती. डॉक्टरांनी आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. मी कानाशी वाकून 'आराम से' म्हटलं. दुसरा शब्द म्हणायचं ठरवून गेले होते, पण तो ऐकून ती उठायला बघेल अशी भीती वाटली. म्हणून नाही म्हटला. ती तशीच निजली. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळाने तिच्या छातीला नळी लावून पाहिली आणि मान हलवली.

येताना गाडीत मांजरीची टोपली शेजारणीने मांडीवर घेतली. पलूस मागे पडलं.

"बाई," ती मग म्हणाली, "ते सोन्याचं मांजर. निम्मं माझ्या नावावर लावा. मी बी संगं आल्ते की."

परसात शेवग्याखाली मांजरीला पुरलं. खड्डा शेजारणीच्या मालकांनी खणला.

आता खिडकीच्या गजाला बाटली नाही. दूध कमी घेते. संध्याकाळी यांच्या खुर्चीत वाचत बसते आणि उठायचं झालं की उठते. कुणाला काही सांगावं लागत नाही.