आतोबांची कात्री

आमचे आतोबा गावातल्या एकुलत्या एका थिएटरात ऑपरेटर होते, म्हणजे वरच्या केबिनमध्ये बसून यंत्रावर रिळं चढवायचे. पण टेंभा असा मिरवायचे की सिनेमा यांनीच काढलाय. त्यांचं दैवत एकच, तो बडा नट. त्याला ते नुसतं 'साहेब' म्हणत. साहेबांसारखा भांग, साहेबांसारखी न पेटवता बोटांत धरलेली सिगारेट आणि साहेबांसारखं एक भुवई उचलून बोलणं. साहेबांना ते शोभायचं. आतोबांची दाढ दुखतेय असं वाटायचं, पण हे त्यांना सांगणार कोण?

आत्याने एकदा तोंड उघडलं. आमच्या घरी, सगळे जेवायला बसलेले असताना. साहेबांचा नवा सिनेमा लागला होता आणि त्यात ते चक्क छातीशी पुस्तकं धरून कॉलेजात जात होते. आत्या हसत म्हणाली, "अहो, त्यांच्या आधी त्यांचं पोट वर्गात शिरतं!" आतोबांनी सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली.

आत्या आमच्याकडेच राहिली. तिचं म्हणणं साधं होतं: त्यांनी यावं, चुकलो म्हणावं, मी लगेच निघते. आतोबा आले नाहीत. निरोप तेवढा पाठवला. साहेबांच्या गाजलेल्या सिनेमात बायको थप्पड खाऊन माहेरी जाते आणि आपल्या पायांनी परत येते, तिथे साहेब माफी मागतात का? हा सिनेमा गावातल्या तमाम पुरुषांना तोंडपाठ होता. कोणाच्या घरात भांडण झालं की हाच दाखला. माझे बाबा, तिचा सख्खा भाऊ, तेही मान डोलावत म्हणाले, "जा गं ताई. पुरुषमाणूस आहे, वाकायचा नाही." तेव्हा मला बाबांचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

आत्या परत गेली, पण तिने तो विषय सोडला नाही. कधी हसत, कधी रडत म्हणायची, "एकदा म्हणा ना, चुकलो. मी कोणाला सांगणार नाही." आतोबा भुवई उचलायचे. उभा जन्म बाईने त्या एका शब्दासाठी घालवला.

मग साहेब वारले आणि गावातल्या फिल्म क्लबला कंठ फुटला. साहेबांच्या कामाचं म्हणे फेरमूल्यमापन करायचं! क्लब म्हणजे एक प्राध्यापिका, एक दातांचे डॉक्टर आणि हाताची घडी घालून सिनेमा बघणारी मंडळी. त्यांनी कुठल्याशा संग्रहालयातून त्याच गाजलेल्या सिनेमाची प्रत मिळवली. निर्मात्यांच्या कोर्टकचेरीमुळे तो टीव्हीवर कधी आलाच नव्हता. जुने जाणकार म्हणून आतोबांना भाषणाला बोलावलं. जाणकार! आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं.

"साहेबांचा सर्वोत्तम अभिनय हाच," आतोबा माइकला चिकटून म्हणाले. "अख्ख्या सिनेमात हा माणूस एकदाही वाकत नाही!" टाळ्या पडल्या. प्राध्यापिका म्हणाल्या, याच सिनेमाने पुरुषांना हात उचलायला शिकवलं. डॉक्टर म्हणाले, शिकवण वेगळी, अभिनय वेगळा. एवढं ज्ञान पाजळून झाल्यावर दिवे मालवले आणि सिनेमा सुरू झाला.

थप्पड झाली, बायको माहेरी गेली. आणि मग गावाने कधीच न पाहिलेला प्रसंग आला. बायको इस्त्री करतेय, साहेब दारात उभे. भुवई नाही, सिगारेट नाही. "चुकलो," ते म्हणतात, पण आवाज फुटत नाही, म्हणून पुन्हा म्हणतात. मग हातांचं काय करावं ते न कळून तिने इस्त्री केलेल्या कपड्यांच्या वेड्यावाकड्या घड्या घालत बसतात. ती हसते आणि त्यांच्याबरोबर जायला उठते. मी साहेबांना कायम नावं ठेवली, पण तेवढ्यापुरता माणूस खरंच मोठा नट होता. माझे डोळे भरून आले.

दिवे लागल्यावर प्राध्यापिका म्हणाल्या, "हा प्रसंग आपल्याकडे नव्हताच!"

आतोबा छाती काढून उभे राहिले. "कसा असेल? मी कापायचो. सिनेमा जेव्हा जेव्हा लागला, तेव्हा तेव्हा कापला. साहेबांना असं वाकताना कोणी बघायला नको. आणि जोड असा बेमालूम, की कोणाला पत्ताच नाही!" आता टाळ्या पडतील म्हणून ते थांबले. बाबा आपल्या बुटांकडे बघत होते.

आत्या जागेवरून म्हणाली, "कापण्याआधी बघितला होतात?"

"मग? कुठे कापायचं ते नको कळायला? चांगला दहादा बघितला."

"म्हणजे कसं म्हणायचं, ते तुम्हाला ठाऊक होतं."

सगळे आतोबांकडे बघायला लागले. डॉक्टरांनीसुद्धा हाताची घडी सोडली. एक शब्द, एवढंच काम होतं. आतोबांनी इकडेतिकडे बघितलं, भुवई अर्धवट वर गेली आणि ते म्हणाले, "अगं, सिनेमा आहे तो."

आत्याने पर्स उचलली आणि सरळ आमच्या गाडीत येऊन बसली. बाबांनी चावी घातली, पण गाडी काही सुरू करेनात.

"ताई, घरी सोडू ना तुला?"

"घरीच. तुझ्या."

"अगं, पण ते तिथे एकटेच..."

"चल तू," आत्या म्हणाली. "या खेपेला मला परत पाठवायला कुठला सिनेमा शोधून आणतोस, तेच बघते."