नावाआधी दोन झेड

काही लोक कचरा सोफ्याखाली ढकलतात आणि घर झाडल्याचं बक्षीस घेऊन जातात. नाव घेत नाही.

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात कारखान्यांची सॉफ्टवेअरं सांभाळायचं काम चालतं. निम्मे फोन एकाच मेसेजवरून येतात: ‘ही नोंद वापरात आहे, डिलीट करता येणार नाही.’ नोंदी जात नाहीत, तसे किस्सेही जात नाहीत. साठतात.

त्यात यंदा जर्मनीला पाठवायची एकच जागा होती. ती मला हवी होती, आणि शेजारच्या खुर्चीतल्या निखिललाही.

*

हडपसरच्या एका कारखान्यातले स्टोअरकीपर गायकवाडकाका. त्यांचा फोन आला. “मॅडम, हा बोल्ट आम्ही वापरणं बंद केलंय. पण यादीतून नाव जात नाही.”

मी समजावलं, “काका, त्याची एखादी जुनी ऑर्डर अजून उघडी असेल. ती शोधून बंद करायची, त्याआधीची बिलं बघायची, मग...”

“बोल्ट काढायचाय हो. तुम्ही त्याची सोयरीक काढताय.”

निखिलने माझ्या हातातून फोन घेतला. “काका, नावाआधी दोन झेड टाका. पार तळाला जाईल, दिसणारच नाही.”

काकांनी लगेच आमच्या सरांना फोन केला. निखिलचं कौतुक करायला.

*

त्याच महिन्यात मी दुसऱ्या एका कारखान्याचं दुखणं मुळापासून काढलं. माल आला होता, पण ‘मिळाला’ असं सिस्टिमला कुणी सांगितलंच नव्हतं. अशा सगळ्या ऑर्डरी बंद केल्या. एरर थांबली, तिथले फोनही थांबले.

सर म्हणाले, “तुझा फोन हल्ली वाजत नाही. काम कमी आहे का?”

*

हडपसरला दोन झेडची साथ आली. बंद झालेला माल, सोडून गेलेली गिऱ्हाइकं, वारलेले फोरमन, सगळ्यांना झेडझेड. यादीच्या तळाकडे बघायचंच नाही अशी सवय लागली. तिथेच झरीना ट्रेडर्स नावाचं जितंजागतं गिऱ्हाईक होतं. त्यांचा माल कुणी पाठवलाच नाही.

मला वाटलं, आता तरी पितळ उघडं पडेल.

निखिल बाकरवडी घेऊन झरीनावाल्यांकडे माफी मागायला गेला. सर मीटिंगमध्ये म्हणाले, “याला म्हणतात कस्टमर रिलेशन.”

उरलेली बाकरवडी आम्हाला मिळाली. चांगली होती, हे सांगतानाही त्रास होतो.

*

जर्मनी त्यालाच मिळाली. कॅन्टीनमध्ये मला म्हणाला, “तुझ्यासारखं खोलात जाणं मला नाही जमत गं.”

मनापासून म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

*

तो गेल्यावर सरांनी मला हडपसरच्या सिस्टिममधून त्याचं नाव काढायला सांगितलं. मी आनंदाने डिलीट दाबलं.

‘ही नोंद वापरात आहे.’

त्याच्या नावावर अर्धवट सोडलेल्या तक्रारींचा ढीग होता. एकेक मुळापासून सोडवायची म्हणजे दिवाळी उजाडली असती. मी कर्सर त्याच्या नावाआधी नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गायकवाडकाकांचा फोन.

“मॅडम, निखिलराव तळाला गेलेत, आमच्या फोरमनच्या शेजारी. हार पाठवायचा, तर जर्मनीचा पत्ता द्या.”