बबलीचं रक्त का गोठेना

टेस्ट-ट्यूब मी पुन्हा तिरकी केली. वीस मिनिटं झालेली, तरी बबलीचं रक्त पाण्यासारखं वाहत होतं. एव्हाना ते गोठायला हवं होतं.

बबली ही टिटवाळ्याच्या सुजाता कांबळे यांची मांजर. सुजाताताई शाळेत शिकवतात. मांजरीच्या हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून त्या तिला ठाकुर्लीला माझ्या क्लिनिकमध्ये घेऊन आलेल्या.

"घरात उंदरांचं औषध ठेवलंय?" मी विचारलं.

"छे हो मॅडम. हिच्यामुळे गरजच पडत नाही. हल्ली तर रोज एक पकडते. जिन्यात भरदुपारी फिरतात, एकदम सुस्त."

सुस्त उंदीर? मी बबलीला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं आणि त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना, पाटीलसाहेबांना, फोन लावला.

"औषध टाकलंय ना," ते म्हणाले. "चार दिवस झाले, एक उंदीर मेला नाही. माल बोगस आहे. आज डबल टाकतोय."

"टाकू नका. मेलेला दिसला तर हात न लावता पिशवीत घालून पाठवा."

संध्याकाळी एक आला. ग्लोव्हज घालून मी तो उघडला. बाहेर जखम नाही, आत छातीभर पातळ रक्त. लिव्हरची पार वाट लागली असेल अशी माझी कल्पना. पण ते शाबूत होतं, फक्त फिकट.

रक्त गोठवणारी प्रथिनं लिव्हर बनवतं. त्याला व्हिटॅमिन के लागतं, आणि शरीर तेच पुन्हा पुन्हा वापरतं. उंदरांच्या औषधातलं हे विष तो पुनर्वापर बंद पाडतं. आधीचा साठा संपेपर्यंत उंदीर चालता-फिरता राहतो. मग आतल्या आत रक्तस्राव. आणि विष लिव्हरमध्ये कित्येक आठवडे साठून राहतं. बबली रोज असाच एक उंदीर खात होती.

पाटीलसाहेबांना हे सांगितलं. "म्हणजे माल चांगला होता?" त्यांनी विचारलं.

"चांगलाच होता. म्हणून तर मांजर माझ्याकडे आहे."

त्यांनी त्याच दिवशी औषध उचललं, पिंजरे मागवले. बबलीच्या हिरड्यांतून येणारं रक्त तिसऱ्या दिवशी थांबलं. गोळ्या मात्र महिनाभर द्याव्या लागल्या. त्या बंद केल्यावर दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं. ट्यूबमध्ये छान घट्ट गुठळी झाली. सुजाताताईंनी त्या गुठळीचा फोटो काढून घेतला.

तेव्हापासून पेशंटने काय खाल्लं, एवढं विचारून मी थांबत नाही. त्याच्या जेवणाने काय खाल्लं होतं, तेही विचारते.