पहिल्या पानावर पाचच

त्या वर्षांत मी चंद्रपूरला एका संस्थेची वेबसाइट सांभाळायचो. भरती, वसतिगृह, प्रवेश असल्या सूचना चंद्रपूर आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या पोरापोरींसाठी टाकायच्या, एवढंच काम. पण एटापल्लीच्या इंटरनेट कॅफेवाल्याचा फोन आला की माझं डोकं फिरायचं. "भाऊ, तुमचं पान उघडतच नाई. मधातच लाइन मरते." बाजाराच्या दिवशी तो पहिलं पान छापून कॅफेच्या दाराला चिकटवायचा. मीठ-मिरची घ्यायला आलेली माणसं ते वाचून गावी परतायची.

एकदा वैतागून मी सूचना मागवणाऱ्या कोडमध्ये आकडाच घातला: ताज्या पाचच आण. पान झटक्यात उघडलं, छापलं तर एका कागदात मावलं. कॅफेवाला खूश, मी त्याहून खूश. जुन्या सूचनांसाठी खाली 'आणखी पाहा' अशी लिंकही दिली होती. दाराला चिकटवलेल्या कागदावरची लिंक कोण दाबणार, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

जूनमध्ये नर्सिंगच्या मुलाखतीची तारीख आली, ती मी लगेच टाकली. पाठोपाठ दोन दिवसांत वसतिगृहांच्या पाच सूचना आल्या, त्याही चढवल्या. बाजाराच्या दिवशी कागदावर नर्सिंग नव्हतं.

पंधरा दिवसांनी तलावात मासे धरणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन ऑफिसात आले. तिनं नर्सिंगचा अर्ज भरला होता आणि तारीख आमच्याच सूचनेतून कळायची होती.

"दर बाजाराले येतो, भाऊ. दोन-दोनदा पाह्यलो कागद," ते म्हणाले.

मी कॉलेजला फोन लावला. जागा भरल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी 'चुकलं माझं' एवढं म्हणायचं सोडून मी शहाण्यासारखा त्यांना स्क्रीन दाखवू लागलो, ही बघा लिंक, ही बघा तुमची सूचना. वडील मान हलवत राहिले. मुलीनं मात्र ती सूचना शेवटपर्यंत वाचली.

"पाचच काऊन ठेवले?" तिनं विचारलं.

"पान लवकर उघडावं म्हणून."

"आमी बाजाराले सकाळच्या गाडीनं येतो, भाऊ. परतीची गाडी संध्याकाळी रायते," ती म्हणाली. "थांबलो असतो ना."