झोपून मोजलेलं प्रेशर

उमाकांतांच्या पायाला भिंगरी होती. सरकारी संशोधन केंद्रात बत्तीस वर्षं इंजिनिअर, पण खुर्चीचा उपयोग स्वेटर टाकण्यापुरता. असा माणूस काविळीमुळे पाच आठवडे बेळ्ळंदूरच्या घरी, अकराव्या मजल्यावर, पलंगाला खिळला होता. डॉक्टर फक्त 'आराम करा' म्हणाल्या होत्या. पत्नी हेमलताबाईंनी त्याचा माहेरच्या रिवाजाप्रमाणे अर्थ लावला: काविळीच्या माणसाने पाय जमिनीला लावायचा नाही. जेवण पलंगावर, आणि बाथरूमपर्यंत मुलाच्या ऑफिसच्या चाकांच्या खुर्चीतून वरात!

रोज सकाळी ते आडवे असतानाच बाई प्रेशर मोजून वहीत लिहीत. एकशे अठरा. "बघा, तरण्याताठ्याचं प्रेशर!"

गुरुवारी त्यांच्या यंत्राची पहिली चाचणी होती. नऊ वर्षांचं काम, आणि पुढच्या महिन्यात निवृत्ती. बटण आपल्या हाताने दाबायचं, एवढाच ध्यास होता. रक्ताचे रिपोर्ट सुधारले तसा त्यांचा जीव पलंगावर ठरेना. मंगळवारी बाई आंघोळीला गेल्या आणि हे ताडकन उठले. चार पावलांत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते भिंत धरत खाली बसले.

बाईंनी धावत येऊन त्यांना झोपवलं, मशीन लावलं. एकशे सोळा. "प्रेशर तर चांगलंय हो!"

'आराम करा' म्हणणाऱ्या डॉक्टर सुप्रीता खालच्याच मजल्यावर राहत, मूळच्या निपाणीच्या, मराठीत कानडी मिसळणाऱ्या. त्यांनी वर येऊन वही चाळली. "अक्का, उभं करून कधी मोजलं?"

उभं करून मोजलं. अठ्ठ्याऐंशी.

"पायांचे स्नायू रक्त वर ढकलतात. पडून पडून ते ढिले पडले, अंगातलं पाणी घटलं, उठल्यावर शिरांनी आवळायचं तेही मंदावलं. आधी पाय सोडून बसा, मग स्वल्प उभे राहा. रोज थोडं थोडं."

"आणि गुरुवार?"

"नाही जमायचं, सर."

"मीच केलं हे," हेमलताबाई म्हणाल्या. उमाकांतांच्या तोंडाशी पाच आठवड्यांचा संताप आला होता. पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी तो गिळला आणि पाय पलंगाखाली सोडले.

गुरुवारी सहकारी रघुपतींचा फोन आला. "सर, दाबू?"

उमाकांत पलंगाच्या कडेवरून हळूच उभे राहिले. बाईंचा हात पुढे आला आणि तसाच थांबला. "दाबा," ते म्हणाले. फोनमधून यंत्राची घरघर आली, टाळ्या आल्या. पाय थरथरले तेव्हा ते आपणहून बसले. आपल्या यंत्राला दुसऱ्याचं बोट लागलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"अगं, पाणी कुठंय?"

हेमलताबाई आणून द्यायला उठल्या, पुन्हा बसल्या, आणि त्यांनी समोरच्या टेबलावरच्या पाण्याकडे बोट दाखवलं.